शिळ्या उसाचा डेक्स्ट्रान आणि यीस्टमध्ये घडवलेलं, उष्णता सोसणारं एन्झाइम

साखरशाळा | सोमवार, रात्री ११:५०

मंडळी, रात्रपाळी आहे आणि लॅबमध्ये थोडी उसंत आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात केमिस्ट आहे. गेल्या आठवड्यात आमची मिल बंद पडली. यार्डात ट्रॅक्टर-ट्रॉल्या अडीच दिवस उभ्या होत्या आणि त्यातला बराच ऊस जळका होता. गाळप परत सुरू झालं तेव्हा रस बोटांत धरून बघितला तर तार सुटत होती. फिल्टर तुंबायला लागले, पॅनवर साखर पिकायला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ. सूक्ष्मदर्शकाखाली दाणा बघितला तर एरवीचा ठसठशीत दाणा नाहीच, लांबट, सुईसारखा. आमच्या पॅनवरच्या मामांनी नुसता दाणा बघून सांगितलं, "शिळ्याचा गुण आहे हा."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: तोडलेल्या उसाच्या टोकाला ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिस नावाचे जिवाणू बसतात आणि सुक्रोजपासून डेक्स्ट्रान करतात. ग्लुकोजची लांबच लांब साखळी. साखर तर जातेच, वर रसातली साखर मोजणारा पोलरीमीटरही फसतो, कारण डेक्स्ट्रान प्रकाश उजवीकडे वळवतो, तोही सुक्रोजच्या जवळजवळ तिप्पट. म्हणजे रिपोर्टात पोल (पोलरीमीटरनं मोजलेली साखर) चांगला दिसतो आणि गोदामात साखर कमी भरते.

यावर डेक्स्ट्रानेज हे डेक्स्ट्रान तोडणारं एन्झाइम आहे. बुरशीपासून करतात. महाग आहे आणि ५० ते ५५ अंशांला चांगलं चालतं. आमचा मिक्स्ड ज्यूस टाकीत ३५च्या आसपास असतो. तिथं एन्झाइम सुस्त. तिथून रस हीटरमध्ये ७० ते ७५ ला जातो, तिथं ते मरतं. म्हणजे गार जागी काम करत नाही आणि गरम जागी जगत नाही.

२०१८चं रसायनशास्त्राचं नोबेल फ्रान्सिस अर्नोल्ड यांना एन्झाइमांच्या डायरेक्टेड इव्होल्यूशनसाठी (बदल करत, निवडत एन्झाइम सुधारत नेण्यासाठी) मिळालं, ते वाचलं होतं. प्रश्न सरळ आहे: ७५ अंशांत टिकणारं डेक्स्ट्रानेज यीस्टमध्ये असं घडवता येईल का? आणि आपल्या भागातल्या लॅबमध्ये येईल का?


मळीवाला | मंगळवार, सकाळी ७:१५

आमच्या डिस्टिलरीत उलटं दुखणं आहे. मार्च-एप्रिलला कूलिंग टॉवरचं पाणीच गरम येतं, फर्मेंटर ३६-३७ च्या वर गेला की यीस्ट मान टाकतं. उष्णता सोसणारं यीस्ट मिळालं तर दोघांचंही काम होईल, नाही का? क्लुव्हेरोमायसिस मार्क्सियानस नावाचं यीस्ट ४५ अंशांला वाढतं असं ऐकून आहे.


यीस्टवाली | मंगळवार, सकाळी ९:३०

मळीवाला दादा, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि इथंच पुष्कळ जणांची गल्लत होते. तुम्हाला अख्खं यीस्ट गरमीत जगायला हवंय. त्यात पेशीचा पडदा, शेकडो प्रथिनं, अल्कोहोल सोसण्याची ताकद असं सगळं येतं. साखरशाळांना एकच प्रथिन हवंय. यीस्ट ३० अंशांला आरामात वाढू दे, ते प्रथिन बाहेर सोडू दे. पुढं ते प्रथिन ७५ ला टिकलं म्हणजे झालं. यीस्ट तिथं असण्याची गरजच नाही.

मी कोल्हापुरातच शिकले आणि काही वर्षं याच कामात होते, म्हणून जरा मुळापासून सांगते.

समजा तुमचं एन्झाइम ६०० अमिनो आम्लांचं आहे. कुठल्याही एका जागी एकच बदल करायचा तरी ११,४०० शक्यता. दोन बदल एकत्र घेतले की साडेसहा कोटींच्या आसपास. तीन घेतले की साडेचोवीस हजार कोटी. यातली कुठली जोडी उष्णता सोसेल हे कागदावर खात्रीनं सांगता येत नाही. म्हणून डायरेक्टेड इव्होल्यूशनमध्ये सगळं तपासायचा हट्टच सोडतात. जीनच्या नकला मुद्दाम थोड्या चुकत-माकत काढायच्या. पीसीआरमध्ये, म्हणजे यंत्रात जीनच्या नकला काढताना, मँगनीज घातलं की नकला काढणारं टॅक पॉलिमरेज जास्त चुका करतं, आणि दर जीनमागं एक ते तीन अमिनो आम्लं बदलतील एवढाच चुकांचा दर ठेवायचा. त्यातून काही हजार प्रकार तपासायचे, सगळ्यात चांगला निवडायचा आणि त्यालाच पुढच्या फेरीचं बेणं धरायचं. शेतकरी खोडव्यातनं नाही, चांगल्या प्लॉटमधनं बेणं निवडतो, तसंच.

अर्नोल्ड यांनी १९९३ मध्ये सबटिलिसिन ई या एन्झाइमवर हे करून दाखवलं. ६० टक्के डायमिथिल फॉर्मामाइड (एन्झाइमला न मानवणारा द्रावक) असलेल्या द्रावणात त्याची क्रिया मूळच्या २५६ पट झाली. पुढच्याच वर्षी विलेम स्टेमर यांनी वेगवेगळ्या चांगल्या प्रकारांचे तुकडे एकत्र पिसून नवे जीन काढायची रीत दाखवली.

यीस्टचा फायदा इथं येतो. जीनचे तुकडे आणि कापलेलं प्लास्मिड (जीन वाहून नेणारं डीएनएचं कडं), दोन्हींच्या टोकांना डीएनएची ४०-५० अक्षरं सारखी ठेवून पेशीत घातली की यीस्ट ते स्वतः शिवून घेतं. म्हणजे स्टेमर यांचं पिसणं पेशीच्या आतच होतं. दुसरं, बुरशीच्या एन्झाइमांना लागणारे सल्फरचे टाके आणि साखरेच्या साखळ्या यीस्ट घालू शकतं, ई. कोलाय जिवाणूला ते जमत नाही. तुमचं डेक्स्ट्रानेज बुरशीचं आहे, म्हणून इथं यीस्टच हवं. बॅसिलस जिवाणूचं, स्टार्च फोडणारं अमायलेज असतं तर मी यीस्टच्या वाटेला जा म्हटलं नसतं.

आणि हे नुसतं पुस्तकातलं नाही. १९९९ मध्ये कोप्रिनस सिनेरियस या भूछत्राच्या पेरॉक्सिडेज एन्झाइमवर कपडे धुण्याच्या पावडरसाठी असंच काम झालं. प्रकार तपासणं आणि तुकडे पिसणं, दोन्ही सॅकरोमायसिस या नेहमीच्या यीस्टमध्ये. शेवटचा प्रकार मूळच्यापेक्षा १७४ पट उष्णता-स्थिर आणि १०० पट ऑक्सिडीकरण-स्थिर निघाला.


ऊस८६०३२ | मंगळवार, दुपारी १:०५

ताई, माहिती चांगली आहे. पण मी ऊस घालणारा माणूस. माझी ट्रॉली अडीच दिवस यार्डात उभी राहिली तर वजनात घट माझी होते. एन्झाइम घालून तुमची साखर सुटेल, माझं वजन नाही सुटत. आधी तोडीचा आणि गाळपाचा मेळ घाला. ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडला तर हा डेक्स्ट्रान फारसा होणारच नाही.


साखरशाळा | मंगळवार, दुपारी ३:४०

दादा, तुमचं शंभर टक्के बरोबर आहे, आणि मी लॅबच्या रिपोर्टात हेच पहिल्या ओळीत लिहिलंय. ताजा ऊस हाच खरा उपाय. पण मिल मोडते, अवकाळी पाऊस होतो, तोडीला टोळ्या मिळत नाहीत. त्या आठवड्यात आलेल्या उसाचं काय करायचं, एवढाच माझा प्रश्न आहे.

यीस्टवाली ताई, एक भीती लगेच मनात आली. सॅकरोमायसिस म्हणजे इन्व्हर्टेज! ते सुक्रोज फोडून ग्लुकोज-फ्रुक्टोज करतं. डेक्स्ट्रान कमी करायला गेलो आणि टाकीतच साखर फुटायला लागली तर माझी नोकरी जाईल.


यीस्टवाली | मंगळवार, रात्री ८:२०

हा प्रश्न साखरेच्या माणसालाच पडू शकतो, आणि फार मोलाचा आहे. तपासणीसाठी एसयूसी२ हा इन्व्हर्टेजचा जीन काढून टाकलेलं यीस्ट वापरायचं. आणि निवडलेलं एन्झाइम पुढं मोठ्या प्रमाणात करायचं तर पिचिया पास्टोरिस या दुसऱ्या यीस्टमध्ये. पिचियाला सुक्रोज खाताच येत नाही, तिच्यात इन्व्हर्टेज नाही. तरीही प्रत्येक बॅच सुक्रोजच्या द्रावणात घालून बघायची, ही अट आधीच लिहून ठेवा.

पिचियाकडं जाताना आणखी एक खड्डा आहे. सॅकरोमायसिस प्रथिनावर मॅनोजच्या फार लांब साखळ्या चढवतं. कधी कधी एन्झाइम त्या घोंगडीमुळंच उष्णता सोसतं. मग दुसऱ्या यीस्टमध्ये केलं की घोंगडी आखूड होते आणि कमावलेली स्थिरता निम्म्यावर येते. म्हणून दर फेरीतले पहिले चार-पाच प्रकार एंडोग्लायकोसिडेजनं साखळ्या कापूनही तपासायचे.


रंकाळाकाठ | मंगळवार, रात्री १०:०२

ताई, मी एम.एस्सी. बायोटेकच्या पहिल्या वर्षाला आहे. एक शंका. यीस्ट ३० अंशांला वाढतंय, ५० च्या वर मरतं. मग ७५ अंशांत टिकणारा प्रकार निवडायचा कसा? निवडलेली पेशीच मेली तर जीन कुठनं मिळवायचा?


यीस्टवाली | बुधवार, सकाळी ६:४५

सकाळी उठल्या उठल्या हाच प्रश्न वाचला, बरं वाटलं. मला हे कळायला एक अख्खं सत्र गेलं होतं.

पेशी तापवायचीच नाही. प्रत्येक कॉलनी ९६ खान्यांच्या प्लेटमध्ये वेगळी वाढवायची आणि त्या प्लेटची एक नक्कल ग्लिसरॉल घालून उणे ८० ला ठेवायची. ती तुमची तिजोरी. दुसऱ्या प्लेटमधल्या पेशी सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसवायच्या, वरचं पाणी घ्यायचं, त्यातच एन्झाइम असतं. त्या पाण्याचे दोन भाग करायचे. एक भाग बर्फावर, दुसरा पीसीआर मशीनमध्ये १० मिनिटं तापवायचा आणि झटकन गार करायचा. मग दोघांनाही डेक्स्ट्रान खायला देऊन क्रिया मोजायची. तापवलेल्याची क्रिया भागिले न तापवलेल्याची क्रिया, हा तुमचा आकडा. ज्या तापमानाला तो निम्मा होतो त्याला टी५० म्हणतात. जिंकलेल्या खान्याचा नंबर बघायचा आणि तिजोरीतून तीच पेशी, जिवंत, बाहेर काढायची.

त्याआधी एक सोपी चाळणी आहे. निळा डेक्स्ट्रान घातलेल्या आगरवर कॉलन्या वाढवायच्या. सॅकरोमायसिसला स्वतःचं डेक्स्ट्रानेज नसतं, त्यामुळं निळ्या प्लेटवर कॉलनीभोवती पांढुरकं कडं दिसलं तर ते तुमच्याच जीनचं काम. चुकांमुळं पुष्कळ प्रकार बादच होतात, ते इथंच गळतात आणि पुढची मेहनत वाचते. पहिल्यांदा ती कडी उमटलेली बघितली तेव्हा मी प्लेट खिडकीच्या उजेडात धरून कितीतरी वेळ उभी होते.

आता माझ्या हातून झालेली चूक. मी सुरुवातीला तो भागाकार करतच नव्हते, फक्त तापवलेल्याची क्रिया बघायचे. एक प्रकार सारखा पहिला यायचा. तीन महिने त्याच्यामागं घालवले आणि शेवटी कळलं की तो टिकाऊ नव्हता, यीस्ट त्याला फक्त दुप्पट बाहेर सोडत होतं. दुप्पट घातलं, निम्मं मेलं, उरलेलं जास्त दिसलं. या क्षेत्रात एक म्हण आहे, तुम्ही ज्याची परीक्षा घ्याल तेच तुम्हाला मिळेल. ती मी त्या तीन महिन्यांत शिकले.

दुसरं, पहिल्या दिवशी एकही नवा प्रकार तपासू नकोस. ९६ च्या ९६ खान्यांत मूळ एन्झाइमच भर आणि आकडे किती पांगतात ते बघ. कडेच्या खान्यांतलं पाणी जास्त उडतं, तिथले आकडे वेगळेच येतात. सारख्याच एन्झाइमचे आकडे ३० टक्क्यांनी हलत असतील तर १५ टक्क्यांची सुधारणा तुला कधीच दिसणार नाही.


ताणाबाणा | बुधवार, सकाळी ११:१०

इचलकरंजीहून. आमच्या प्रोसेसमध्ये कापडावरची कांजी काढायला अमायलेज वापरतात. पूर्वीचं ६०-७० अंशांचं होतं, आता ९० च्या वर चालणारं मिळतं. गरम सोसणाऱ्या मालाचा आम्हाला उघड फायदा झाला, स्टार्च गरमीत फुगतो आणि एन्झाइम त्याच वेळी काम करतं. वेळ वाचला. कांजी गेली की नाही हे कापडावर आयोडीनचा थेंब टाकून टेगेवाच्या जांभळ्या पट्टीशी ताडून बघतो.

पण एक फरक लक्षात घ्या. आमच्याकडं एन्झाइम उरलं तर पुढच्या धुण्यात निघून जातं. तुमचं साखरेबरोबर खाण्यात जाणार.


यीस्टवाली | बुधवार, दुपारी १२:३०

ताणाबाणा काकांनी कळीच्या जागी बोट ठेवलं. साखर उद्योगात अमायलेजच्या बाबतीत हा अनुभव येऊन गेलाय. रसातला स्टार्च काढायला फार उष्णता-स्थिर अमायलेज घातलं, ते बाष्पकातून जिवंत निघालं आणि साखरेत उरलं. ती साखर स्टार्चनं दाट केलेल्या पदार्थांत वापरली की पदार्थ पातळ होतो. म्हणजे एन्झाइम टिकाऊ असणं पुरेसं नाही, ते ठरलेल्या जागी मेलंही पाहिजे.

साखरशाळा, म्हणून "उष्णता सोसणारं एन्झाइम" असं न म्हणता तुमच्या रसाचा सगळा प्रवास आकड्यांत सांगा. कुठं किती तापमान, किती पीएच, किती मिनिटं. निवडीची परीक्षा त्यावरून ठरेल.


साखरशाळा | गुरुवार, पहाटे ४:३५

काल रात्रीच्या पाळीत हेच मोजत फिरलो. हीटरच्या आधी रंग टाकला आणि स्टॉपवॉच घेऊन सल्फिटेशनच्या (रसात चुना आणि गंधकाचा धूर सोडतात त्या टाकीच्या) तोंडाशी उभा राहिलो. चार वेळा मोजलं.

मिक्स्ड ज्यूस टाकी: ३४ ते ३६ अंश, पीएच ५.३, रस ८ मिनिटं थांबतो. हीटरनंतर सल्फिटेशनपर्यंत: ७२ ते ७४ अंश, पीएच तोच, ६ मिनिटं. मग चुना आणि गंधकाचा धूर, पीएच ७. पुढं १०२ अंश आणि गाळ खाली बसवणाऱ्या क्लॅरिफायरमध्ये दोन तासांच्या वर.

म्हणजे माझ्या हातात गरम रसाची फक्त ६ मिनिटं आहेत. टाकी मोठी करून अर्धा तास देता येणार नाही. पीएच ५.३ आणि ७३ अंश म्हणजे सुक्रोज आपोआप फुटतं, एन्झाइमच्या आधी आम्लच साखर खाईल. पण क्लॅरिफायरचे दोन तास १०२ अंशांत, हे आपल्या बाजूनं आहे. तिथं ते मरायलाच पाहिजे.

आणखी एक विचारायचं होतं. रसात १५-१६ ब्रिक्स असतं, म्हणजे शंभरात १५-१६ भाग विरघळलेले घन, त्यात बहुतेक साखरच. साखरेत प्रथिन जास्त टिकतं असं वाचलंय. खरं का?


यीस्टवाली | गुरुवार, सकाळी ८:५०

खरं. साखरेच्या द्रावणात प्रथिनाला उलगडणं अवघड जातं, त्यामुळं ते जास्त तापमानाला टिकतं. उलट तुमच्या रसात मातीचे कण, फिनॉल, उसाची स्वतःची एन्झाइमं, सगळं असतं, ते कुठल्या दिशेला ओढेल ते आधी सांगता येत नाही. म्हणून आता परीक्षा अशी लिहिते:

तापवायचं तुमच्याच रसात, पीएच ५.३ ला, ७५ अंशांत ६ मिनिटं. मोजायचं मात्र बफरमध्ये पातळ करून, कारण रसातली स्वतःची रिड्युसिंग शुगर डीएनएसच्या (अशी साखर रंगानं मोजणाऱ्या) परीक्षेत रंग देईल आणि आकडा बिघडवेल. दुसरी परीक्षा, ७३ अंशांतच क्रियेचा वेग, कारण नुसता टिकून स्वस्थ बसणारा प्रकार ६ मिनिटांत काही करणार नाही. उष्णता सोसायला प्रथिन ताठ होतं आणि ताठ प्रथिन कधी कधी मंद होतं, म्हणून दोन्ही एकाच वेळी बघायचं. तिसरी परीक्षा, १०२ अंशांत एक तास ठेवून शून्य. जो प्रकार यात जिवंत राहील तो बाद, पहिल्या दोन परीक्षांत कितीही पुढं असला तरी.

खर्चाचंही बोलते. यंत्रं आपल्याकडच्या विभागांत आहेत, पीसीआर, सेंट्रिफ्यूज, प्लेट रीडर. जीन बनवून मागवावा लागेल. वेळ मात्र लागतो, एका फेरीला मनासारखं चाललं तर दोन-तीन महिने. पहिल्या फेरीत दोन-तीन अंश मिळाले तरी आनंद माना. पुढं ते वाढवत नेता येतात, कारण जितकं प्रथिन स्थिर तितके नवे बदल ते जास्त पचवतं. अर्नोल्ड यांच्या गटानं २००६ मध्ये हेच दाखवलं. याहून वेगवान रीतही निघाली आहे, ऑर्थोरेप. त्यात यीस्टच्या पेशीत एक वेगळं प्लास्मिड असतं आणि फक्त त्यावरचा जीन लाख पट वेगानं बदलत राहतो. पण ते ज्या निवडीत एन्झाइम चाललं तरच यीस्ट वाढतं तिथं शोभतं. आपल्या कामाला प्लेटच बऱ्या.

आणि जनुक बदललेलं यीस्ट म्हणजे संस्थेच्या बायोसेफ्टी समितीची परवानगी आधी. १९८९ च्या नियमांखाली ते बंधनकारक आहे. कारखान्यात जिवंत यीस्ट न्यायचंच नाही, गाळलेलं एन्झाइमच न्यायचं.


मळीवाला | गुरुवार, सकाळी ९:४०

आता फरक समजला. माझ्या यीस्टसाठी वेगळा धागा काढतो.


रंकाळाकाठ | गुरुवार, दुपारी २:१५

ताई, सरांशी बोललो. दुसऱ्या वर्षाचा प्रकल्प म्हणून पहिला टप्पा घ्यायला ते तयार आहेत: मूळ डेक्स्ट्रानेज एसयूसी२ नसलेल्या यीस्टमधून बाहेर येतं का, निळ्या प्लेटवर कडं दिसतं का, आणि साखरशाळांच्या रसात त्याचा टी५० किती. म्युटेशन नंतर. समितीचा अर्ज या आठवड्यात टाकतोय. रस कसा मिळेल?


ऊस८६०३२ | गुरुवार, दुपारी ४:००

पोरा, ताज्या उसाचा आणि शिळ्या उसाचा, दोन्ही रस घे. माझ्या रानातनं तोडलेल्या दिवशीच्या मोळ्या देतो. त्यातल्या दोन मोळ्या तीन दिवस उन्हात ठेवतो, तारखा चिठ्ठीवर लिहून.


साखरशाळा | गुरुवार, सायंकाळी ६:२०

हंगाम पंधरा दिवसांत संपेल, त्यामुळं रस आत्ताच भरून ठेवावा लागेल. शनिवारी सकाळची पाळी आहे. मिक्स्ड ज्यूस टाकीतून आणि हीटरनंतर, दोन्ही ठिकाणचा रस अर्ध्या लिटरच्या बाटल्यांत घेतो, प्रत्येकी दहा. दादांच्या मोळ्या लॅबच्या चरक्यातून वेगळ्या काढतो. फ्रीझरमध्ये जागा केली आहे. पीएच, ब्रिक्स आणि वेळ प्रत्येक बाटलीवर लिहीन.


यीस्टवाली | गुरुवार, रात्री ९:०५

बाटल्या गळ्यापर्यंत भरू नका, गोठताना फुटतात. आणि रस टिकावा म्हणून उकळू नका, उकळला की रसच बदलतो. फॉर्मॅलिन तर अजिबात घालू नका, नाहीतर एन्झाइम तापवायच्या आधीच मरेल. नुसता बर्फात आणा. रंकाळाकाठ, शनिवारी दुपारी थर्मोकोलची पेटी घेऊन तू स्वतः जा, आणि हीटरनंतरचा नळ कुठं आहे ते एकदा डोळ्यांनी बघून ये.